कंपाइल होते, एरर काहीच नाही, तरी ५ चं फॅक्टोरियल ६ येते. काऊन?

नवशिकी_मानेवाडा:

नमस्कार दादा-ताई लोकहो. बीसीए पहिल्या वर्षाला आहे, सी लँग्वेज चालू आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये ते निळ्या स्क्रीनचं टर्बो सी प्लस प्लस आहे आणि एका कॉम्प्युटरवर दोघी-तिघी बसतो, म्हणजे कीबोर्ड हातात यायलाच पिरियड संपते. म्हणून घरी भावाच्या जुन्या विंडोज लॅपटॉपवर यूट्यूब बघून बघून कोड लिहायला व्हीएस कोड आणि कंपाइल करायला मिनजीडब्ल्यू टाकलं, त्यात जीसीसी नावाचा कंपायलर येते. आधी तर जीसीसी ओळखतच नाही म्हणे, मग एकाने सांगितलं पाथमध्ये बिन फोल्डर टाक आणि टर्मिनल बंद करून परत उघड, ते केलं, ते झालं.

आता खरे प्रॉब्लेम. लॅबमधला प्रोग्राम पेन ड्राइव्हवर आणला तर तो घरी चालत नाही, सीएलआरएससीआर अनडिफाइन्ड रेफरन्स असं काहीतरी येते. तिथे तर मस्त चालते! मग मी तो नाद सोडला आणि फॅक्टोरियलचा प्रोग्राम घरी नवीन लिहिला. तो कंपाइल होते, एकही एरर नाही, पण ५ दिले की १२० यायच्या ऐवजी उत्तर ६, १० दिले की ११. फॉर्म्युला परत परत तपासला, बरोबर आहे. शिवाय मधेच कधी विनमेन सापडत नाही म्हणते, कधी परमिशन डिनाइड म्हणते, माझ्याच लॅपटॉपवर मलाच परमिशन नाही हे काय बाप्पा.

कोड इथे चिकटवला तर अर्धे कंस उडून जातात म्हणून वाचून सांगते. एन, आय आणि फॅक्ट तिन्ही इंट, फॅक्टला सुरुवातीला १. मग आकडा विचारायचा, स्कॅनएफने एनमध्ये घ्यायचा. मग फॉर लूप, आय १ पासून एन पर्यंत. लूपच्या आत फॅक्ट बरोबर फॅक्ट गुणिले आय. शेवटी प्रिंट. बस इतकाच आहे. पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल आहे, कोणी सांगा ना प्लीज.


बर्डीवाला:

अबे व्हीएस कोड कायले टाकलं? परीक्षा टर्बोत आहे ना, मग डॉसबॉक्सवालं टर्बोच टाक घरी, विषय संपला. आमच्या वेळी कोणाले माहीत होतं व्हीएस कोड. कंट्रोल एफ ९ मारायचं, आल्ट एफ ५ ने आउटपुट पाहायचं, चहा प्यायले जायचं.


रात्रपाळी:

@बर्डीवाला भाऊ, पोरगी शिकायचं म्हणून राहिली, तुम्ही तिले डॉसमध्ये पाठवून राहिले. असो.

@नवशिकी_मानेवाडा, मी मिहानकडे सपोर्टच्या शिफ्टमध्ये असतो, आत्ता तिकीट नाही म्हणून निवांत लिहितो. तू चार वेगवेगळे प्रॉब्लेम एकाच पोतडीत टाकले आहेत आणि म्हणून गोंधळ वाटते. एरर आला की आधी बघ की हे बोलून कोण राहिलं. कंपायलर, लिंकर, विंडोज, की कोणीच नाही. जो बोलला त्याच्याच कामात चूक शोधायची.

कंपायलर फक्त तुझी फाईल वाचतो. व्याकरण बरोबर आहे का, व्हेरिएबल आधी सांगितलं आहे का, एवढंच. त्याच्या एररमध्ये फाईलचं नाव आणि ओळीचा नंबर असतो. लिंकर त्यानंतर येतो, तू ज्या ज्या फंक्शनला हाक मारली ती खरंच कुठे आहेत का ते शोधून सगळं जोडतो आणि ईएक्सई, म्हणजे चालवायची फाईल, बनवतो. अनडिफाइन्ड रेफरन्स हे शब्द दिसले की समज की लिंकर बोलून राहिला. म्हणजे तुझं व्याकरण पास झालं, पण एक फंक्शन कुठेच सापडलं नाही.

सीएलआरएससीआर तेच आहे. टर्बो सी प्लस प्लस बोरलँड कंपनीचं, १९९० मध्ये आलं, डॉसचा जमाना. स्क्रीन पुसायचं हे फंक्शन त्यांच्या कोनिओ डॉट एच सोबत यायचं, सी च्या स्टँडर्डमध्ये ते कधीच नव्हतं. मिनजीडब्ल्यूमध्येही कोनिओ नावाची फाईल आहे, तिच्यात गेटच (एक की दाबेपर्यंत थांबणारं फंक्शन) आहे, पण सीएलआरएससीआर नाही. जुना जीसीसी अशा अनोळखी फंक्शनवर नुसती वॉर्निंग द्यायचा, असेल बा कुठेतरी म्हणून पुढे जायचा, आणि मग लिंकर अडायचा. जीसीसी १४ पासून तिथेच एरर देते, लिंकरपर्यंत जाऊच देत नाही. तुझ्याकडे लिंकरचा आला म्हणजे यूट्यूबवाल्याने जुनं मिनजीडब्ल्यू दिलं असणार. ती ओळ काढून टाक, उत्तरात काही फरक पडत नाही. आणि व्हॉइड मेन लिहिलं असशील तर इंट मेन कर आणि शेवटी रिटर्न शून्य, टर्बोलाही ते चालते.

विनमेनवालाही लिंकरच आहे. त्याला मेन फंक्शन सापडलं नाही म्हणून तो विंडोजवाल्या दुसऱ्या नावाने शोधतो आणि ते पण नाही म्हणून ओरडतो. आता तू म्हणशील मेन तर आहे ना. आहे, पण स्क्रीनवर आहे, डिस्कवर नाही! व्हीएस कोडमध्ये फाईलच्या नावाशेजारी भरीव गोळा दिसत असेल तर फाईल सेव्ह झालेली नाही आणि कंपायलर बिचारा रिकामी फाईल वाचून राहिला. फाईल मेनूत ऑटो सेव्ह आहे, ते चालू करून टाक.

परमिशन डिनाइड म्हणजे मागच्या वेळचा तुझा प्रोग्राम अजून चालूच आहे. कुठेतरी आकडा मागत बसला असेल नाही तर लूपमध्ये फिरत असेल, आणि चालू असलेल्या ईएक्सईवर विंडोज नवीन ईएक्सई लिहू देत नाही. त्या टर्मिनलमध्ये कंट्रोल सी दाब, नाहीच सापडला तर टास्क मॅनेजरमधून बंद कर.

राहिला ५ चा ६. इथे कोणीच बोललं नाही, ना कंपायलर ना लिंकर, म्हणून हाच खरा अवघड. तू कोड वाचून सांगितला त्यात चूक नाहीच, पण तू जे लिहायचं ठरवलं होतं ते वाचून राहिली, फाईलमध्ये जे आहे ते नाही. सगळ्यांचं तसंच होते. मला उत्तरावरून अंदाज आला आहे पण सांगत नाही, तूच पकड. ५ ला ६, १० ला ११, म्हणजे दर वेळी एनपेक्षा एक जास्त. लूप संपल्यावर आयची किंमत किती असते याचा विचार कर.

आणि हे कर. कंपाइल करताना जीसीसी, मग फाईलचं नाव, मग डॅश जी, मग डॅश, मोठा डब्ल्यू आणि त्याला चिकटून ऑल. डब्ल्यू-ऑल ने वॉर्निंग जास्त मिळतात, डॅश जी ने डीबगरसाठी, म्हणजे प्रोग्राम एकेक ओळ थांबवून बघायच्या साधनासाठी, ओळींची माहिती ईएक्सईमध्ये राहते. मग जीडीबी (तोच डीबगर) आणि ईएक्सईचं नाव. आत गेल्यावर ब्रेक मेन, मग रन, मग नेक्स्ट. दर नेक्स्टला जी ओळ दिसते ती अजून चालायची आहे, चाललेली नाही, हे नीट लक्षात ठेव, बरेच जण इथेच फसतात. नुसतं एंटर दाबलं की मागचाच कमांड परत चालतो. वाटेल तिथे प्रिंट आय, प्रिंट फॅक्ट करून बघ. जीडीबी सापडलं नाही तर मिनजीडब्ल्यूच्या त्याच बिन फोल्डरमध्ये आहे का बघ, काही पॅकेजमध्ये ते वेगळं टाकावं लागते.


खामला_चौक:

फॉर च्या कंसानंतर सेमीकोलन आहे. पैसे द्या.


रात्रपाळी:

@खामला_चौक अरे काय यार 😑 तिला शोधू द्यायचं होतं ना


प्रॅक्टिकलवाल्या_मॅडम:

मी एका कॉलेजात सी चीच प्रॅक्टिकल्स घेते, त्यामुळे दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक तर टर्बोला इतकी नावं ठेवू नका. जुनं आहे, मान्य, आणि आमच्यापैकी बऱ्याच जणांना ते बदलायचं आहे, पण सिलॅबस, लॅबमधली मशीन आणि बाहेरून येणारे परीक्षक हे सगळं एकदम बदलत नाही. आणि रात्रपाळी यांनी जीडीबीमध्ये जे सांगितलं ते टर्बोमध्येही आहे, फक्त कोणी वापरत नाही. लॅबमध्ये एफ ८ दाबत गेलीस तर एकेक ओळ चालते आणि पुढची ओळ रंगीत पट्टीत दिसते. एफ ७ ने फंक्शनच्या आत शिरता येतं. कंट्रोल एफ ७ दाबून आय आणि फॅक्ट ही नावं दिलीस की खाली वॉच विंडोत त्यांच्या किमती बदलताना दिसतात. मुलं पाच-पाच प्रिंटएफ टाकत बसतात आणि ही सोय तशीच पडून असते.

दुसरं, बेटा, तुझा प्रोग्राम दुरुस्त झाला आणि तो लॅबमध्ये नेलास तर ७ पर्यंत बरोबर उत्तर येईल, ५०४०. ८ दिलेस की उणे २५२१६ येईल. घाबरू नकोस. टर्बोमध्ये इंट १६ बिटचा असतो, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतं, आणि ८ चं फॅक्टोरियल ४०३२० आहे. ४०३२० मधून ६५५३६ वजा कर, उणे २५२१६ च येईल. परीक्षकांचा हा आवडता प्रश्न आहे, फॅक्टोरियल ऋण कसं आलं सांगा म्हणतात आणि मुलं लूपमध्ये चूक शोधत बसतात. फॅक्ट लाँग घे आणि स्कॅनएफ-प्रिंटएफमध्ये त्याच्यासाठी परसेंट डी ऐवजी परसेंट एलडी वापर, मग १२ पर्यंत जातं.


नवशिकी_मानेवाडा:

सापडलंऽऽऽ! खामला_चौक दादांचं उत्तर मी नंतर वाचलं, शपथ. जीडीबी बिन फोल्डरमध्येच होतं.

आधी ब्रेक मेन, रन केलं, मग नेक्स्ट नेक्स्ट. स्कॅनएफच्या ओळीवर सगळं अडकलं असं वाटलं, मी बंद करून परत चालू केलं, परत तेच, मग कळलं की ते तर आकडा मागून राहिलं आहे. ५ टाकले. मग फॉरची ओळ आली. मला वाटलं आता आत जाईल, बाहेर येईल, आत जाईल. तर एकाच नेक्स्टमध्ये ते डायरेक्ट फॅक्टच्या ओळीवर गेलं, तिथे प्रिंट आय केलं तर ६! लूप तर कधीच संपून गेला होता. आणि फॅक्ट अजून १ च. मग पुढच्या नेक्स्टला १ गुणिले ६. तिथेच ट्यूब पेटली. कंसाच्या बाहेर बारीकसा सेमीकोलन बसला होता, मला दर ओळीच्या शेवटी तो टाकायची सवयच लागली आहे ना. काढला तर ५ ला १२० आलं, १० ला ३६२८८००.

पण एक समजलं नाही. साधा एक सेमीकोलन विसरला तर कंपायलर दहा एरर फेकते, आणि एक जास्त टाकला तर चूप? डब्ल्यू-ऑल लावूनही माझ्याकडे काही आलं नाही. आणि मॅडम, मी मुद्दाम १३ देऊन बघितलं घरी, १९३२०५३५०४ आलं, कॅल्क्युलेटरवर ६२२७०२०८०० येते. हे पण तेच का? पण हे तर मायनस नाही आलं.


रात्रपाळी:

शाब्बास. प्रिंट आय केलंस हे फार छान केलं, तिथेच केस उघडली.

कंपायलर चूप राहिला कारण त्याच्या दृष्टीने चूक झालीच नाही. फॉर नंतर एक स्टेटमेंट लागते, नुसता सेमीकोलन म्हणजे रिकामं स्टेटमेंट, चालते. लोक मुद्दाम पण लिहितात, समज स्ट्रिंग कुठे संपते ते शोधायचं आहे, तर सगळं काम फॉरच्या कंसातच होऊन जाते आणि आत करायला काहीच उरत नाही. आणि त्यानंतरचा तुझा महिरपी कंस, तो लूपशिवायही लिहिता येतो. त्यामुळे त्याने वाचलं, रिकामा लूप, मग एक ब्लॉक, ठीक आहे, पुढे. तुझ्या मनात काय होतं हे त्याला कुठून कळणार. काही कंपायलर याच्यावर वॉर्निंग देतात, पण त्यांच्या भरवशावर राहायचं नाही. मी स्वतः उघडणारा कंस फॉरच्याच ओळीवर टाकतो, मग तिथे सेमीकोलनला बोट जातच नाही. मॅडमना खालच्या ओळीवर आवडत असेल तर परीक्षेत तसाच टाक.

आणि दहा एररचं म्हणशील तर त्यातला पहिलाच खरा असतो. एक सेमीकोलन राहिला की कंपायलर पुढची ओळ पण त्याच वाक्याची समजून वाचते आणि तिथून सगळं बिघडत जाते. म्हणून पहिला दुरुस्त कर, लगेच परत कंपाइल कर, बाकीचे बहुतेक आपोआप जातात. एररमधला ओळीचा नंबर नेमका वाटला नाही तर त्याच्या वरची ओळ बघ. मी असे पोट्टे पाहिले आहेत जे शेवटून एरर सोडवायला बसतात कारण टर्मिनलमध्ये शेवटचा समोर दिसते 🙂 वर स्क्रोल करा रे.


प्रॅक्टिकलवाल्या_मॅडम:

१३ चं तेच आहे. तुझ्याकडे इंट ३२ बिटचा, मर्यादा २१४७४८३६४७. १२ चं फॅक्टोरियल ४७९००१६०० मावतं, १३ चं मावत नाही. वरचे बिट कापले जाऊन खाली जे उरतं ते छापलं जातं, ६२२७०२०८०० मधून ४२९४९६७२९६ वजा करून बघ. उरलेली संख्या योगायोगाने मर्यादेच्या आत बसली म्हणून धन दिसते. हे जास्त वाईट, कारण उणे आलं तर निदान शंका तरी येते. भाषेच्या नियमाप्रमाणे इंट असा ओसंडला की काय होईल याची हमीच नाही, आपल्या मशीनवर असं दिसतं इतकंच. घरी लाँग लाँग घेतलास तर २० पर्यंत जाशील. विंडोजवर नुसता लाँग घेऊन फायदा नाही, तिथे तोही ३२ बिटच. टर्बोमध्ये मात्र लाँग लाँग हा प्रकारच नाही, तो १९९९ च्या स्टँडर्डमध्ये आला, त्यामुळे लॅबमध्ये लिहू नकोस, एरर येईल.


बर्डीवाला:

मॅडम, एफ ८ चं मले आज माहीत झालं. टर्बोवर अख्खा डिप्लोमा काढला बे.


गोधनी_पोट्टा:

माझं पण सांगा ना कोणी, वेगळा धागा काढत नाही. माझ्याकडे उबंटू आहे, त्यात तर कोनिओ डॉट एच च सापडत नाही म्हणते, फेटल एरर. वर सांगितलं की ती फाईल आहे आणि लिंकर बोलते म्हणून. आणि दुसरं, माझा प्रोग्राम आकडा दिला की सेगमेंटेशन फॉल्ट म्हणून मरते. ओळीचा नंबर पण देत नाही, म्हणजे बोललं कोण तेच समजून नाही राहिलं.


रात्रपाळी:

मिनजीडब्ल्यू विंडोजवरचं आहे, तिथे ती फाईल मिळते. उबंटूवर कोनिओ नाहीच, त्यामुळे तुझ्याकडे पहिल्याच पायरीवर कंपायलर बोलला. इन्क्लूडची ती ओळ काढ, गेटच काढ, सीएलआरएससीआर काढ. टर्मिनलमधून चालवतो आहेस ना, मग आउटपुट बघायला गेटच लागतच नाही, ते विंडोजवर डबल क्लिक केल्यावर काळी खिडकी पटकन बंद होऊ नये म्हणून लोक टाकतात.

सेगमेंटेशन फॉल्टमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम बोलली. तुझ्या प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला आणि तिने त्याला मारून टाकलं. तिला तुझ्या ओळी माहीतच नाहीत, नंबर कुठून देणार. डॅश जी लावून कंपाइल कर, जीडीबीत रन कर, मरू दे त्याला, मग बीटी टाइप कर. कोणत्या फंक्शनमधून कुठे गेला ती उतरंड दिसेल. वरच्या एक-दोन ओळी लायब्ररीतल्या असतील, त्या सोड, खाली तुझ्या फाईलचं नाव आणि ओळ येईल. आकडा दिल्यावर मरते म्हणतोस म्हणजे मी पैज लावतो की स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधीचं & हे चिन्ह राहिलं आहे. ते नसलं की स्कॅनएफ पत्त्याऐवजी त्या व्हेरिएबलमध्ये जो कचरा असेल त्यालाच पत्ता समजून तिथे लिहायला जाते. डब्ल्यू-ऑल लावलं तर कंपायलर हे आधीच सांगते, इंट पॉइंटर पाहिजे होता आणि तू इंट दिला म्हणून. वॉर्निंग आली होती का रे?


गोधनी_पोट्टा:

आली होती. पिवळी होती म्हणून सोडून दिली, लाल नव्हती ना.


खामला_चौक:

😂😂


बर्डीवाला:

@नवशिकी_मानेवाडा ते मिनजीडब्ल्यूचा पाथ कुठे टाकला त्याचा फोटो टाक बाई इथे. पोराच्या लॅपटॉपवर टाकून पाहतो.